फँड्री: अकोळनेरचे अबोल पहिले प्रेम

‘फँड्री’ हा नागराज मंजुळे यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी, प्रेमिकांच्या दिवशीच, तो चित्रपटगृहांत आला. त्याची कथा घडते अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, नगर शहराजवळच्या अकोळनेर गावात. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. कैकाडी ही तमिळशी जवळचे नाते असलेली द्राविडी भाषा आणि तमिळमध्येही डुकराला ‘पन्री’च म्हणतात. पहिल्या प्रेमाच्या चित्रपटाला हे नाव का, याचे उत्तर कथेतच आहे.

जब्या, म्हणजे जांबुवंत कचरू माने, गावकुसाबाहेर राहणारा शाळकरी मुलगा. वर्गातली सवर्ण शालू त्याला आवडते. काळ्या चिमणीची राख अंगावर टाकली की मुलगी आपली होते, या समजुतीने तो गलोल घेऊन रानोमाळ हिंडतो. सोबतीला जिवलग मित्र पिऱ्या असतोच. जीनची पँट हवी म्हणून तो सायकलवर बर्फाच्या कांड्या विकतो. मनातले चिठ्ठीत उतरवतो, पण शालूशी थेट दोन शब्द बोलायचे धाडस त्याला होत नाही.

‘रिप्लाय १९८८’ या २०१५ साली सुरू झालेल्या कोरियन मालिकेत सोलच्या एका गल्लीतली मुले अशीच मनातले ओठांवर आणायला कचरतात. पण ती एकमेकांच्या घरी जेवतात, एका खोलीत बसून टीव्ही बघतात. त्यांना अडवतो तो स्वतःचाच संकोच. जब्याच्या आणि शालूच्या घरांमध्ये जात उभी आहे. म्हणून त्याची जखम प्रेमभंगाची नाही. ती अपमानाची आहे. जत्रेत पोरे नाचत असताना त्याला डोक्यावर बत्ती धरून उभे राहावे लागते. शेवटी वडिलांसोबत, शाळेसमोरच, डुकरे धरायला पळावे लागते. बघे हसतात आणि त्या हसणाऱ्यांत शालूही असते. पकडलेले डुक्कर खांद्यावरून नेताना मागच्या भिंतीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चित्र दिसते.

या चित्रपटाच्या वाटेवर नगरचा वाटा मोठा आहे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे मंजुळे इथल्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापन शिकले. तिथे विद्यार्थी असताना केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाळेची ओढ लागलेल्या वंचित मुलाची ती गोष्ट. ‘फँड्री’त तसाच मुलगा शाळेत पोहोचला आहे, पण गाव त्याला तिथे सुखाने बसू देत नाही.

सोमनाथ अवघडे हा खेड्यातला मुलगा हलगी वाजवताना मंजुळेंना दिसला आणि जब्या सापडला. जे जब्याच्या ओठांवर कधी आलेच नाही, ते सगळे सोमनाथच्या नजरेने सांगितले. ६१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मंजुळेंना दिग्दर्शकीय पदार्पणाचा, तर सोमनाथला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला.