बाग आपली, डोळा दुसऱ्याचा

दसरा उलटला, भाताची कापणी आटोपत आली, की आमच्या पेडणे महालातील डोंगरउतारांवर बेणणीचे दिवस सुरू होतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत काजूच्या झाडांखाली गवत, घाणेरी आणि रानमोडी कमरेएवढी माजलेली असते. पुढे फाल्गुन-चैत्रात काजू पिकून खाली पडू लागतो. त्या वेळी झाडाखालची जमीन स्वच्छ नसेल, तर बिया पाल्यात हरवतात आणि वणव्याला आयतेच सरपण मिळते. शिवाय रानमोडी एकदा फुलली की तिचे हलके बी वाऱ्याबरोबर सर्वत्र पसरते. म्हणून ती फुलण्यापूर्वीच तोडलेली बरी.

हे सारे काम पूर्वी कोयत्याने होत असे. आता कोयता चालविणारे हात विरळ झाले आहेत. शेजारच्या डिचोली महालातील कित्येक तरुण खाणींच्या ट्रकांवर गेले. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हाही त्यांतले थोडेच शेताकडे वळले. त्यामुळे आज बागेबागेतून पेट्रोलवर चालणाऱ्या ग्रास कटरची घरघर ऐकू येते. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या वडिलोपार्जित बागा गावी आहेत आणि बिऱ्हाडे दूरच्या शहरांत. अशी मंडळी दिवाळीच्या सुटीत येतात, यंत्र विकत घेतात, गड्याच्या हाती देतात आणि परततात. त्यांच्यासाठी हे चार अनुभवाचे शब्द.

पहिला अनुभव पैशाचा. आम्ही घेतलेले यंत्र आठ दिवसांत जाम झाले. दोष यंत्राचा नव्हता. आमच्या पुतण्याने टाकीत नुसते पेट्रोल ओतले होते. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळे वंगण नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल हेच त्याचे वंगण. पुस्तिकेत ५० ला १ असे प्रमाण दिले असेल तर एका लिटरला २० मिलिलिटर, आणि २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल मिसळावे लागते. फोर-स्ट्रोक यंत्रात याच्या उलट: तेल स्वतंत्र जागी घालायचे आणि पेट्रोल शुद्ध ठेवायचे. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती डबा देऊ नये. डब्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे, हे उत्तम. मिसळलेले पेट्रोल महिनाभराहून अधिक साठवू नये. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करावी आणि उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवून मगच यंत्र माळ्यावर ठेवावे.

दुसरा अनुभव सांगताना मात्र आमची मान खाली जाते. दुसऱ्या वर्षी आम्ही एका गड्याला यंत्र दिले, पण चष्मा दिला नाही. ‘दोन तासांचे तर काम,’ असे आम्हीच म्हणालो होतो. आमचा उतार जांभ्या दगडाचा. फिरत्या पात्याने उडविलेली एक चीप त्याच्या डोळ्यात गेली. डोळा वाचला, परंतु त्याने आजवर दिसते ते धूसर. खर्च आम्ही केला, क्षमाही मागितली. पण मुलांना शाळेत आयुष्यभर जबाबदारीचे धडे देणाऱ्या माणसाने तीनचारशे रुपयांची वस्तू विसरावी, हे शल्य आमच्या मनातून गेलेले नाही.

म्हणून आता आमच्याकडे नियम आहे: चष्मा किंवा जाळीचा मुखवटा, कानांवर आवरण, जाड हातमोजे आणि गमबूट असल्याखेरीज यंत्र सुरू होत नाही. चालविणाऱ्याच्या सभोवार १५ मीटरपर्यंत कोणी उभे राहू नये. मुलांना तर लांबच ठेवावे. यंत्राच्या आवाजात सापाची चाहूल लागत नाही. म्हणून आधी काठीने झुडूप हलवून पाहावे. पाते सामान्यतः डावीकडे फिरते, तेव्हा कापणी उजवीकडून डावीकडे करावी. पात्याच्या पुढील उजव्या भागाने जाड खोडाला भिडू नये. यंत्र झटका देऊन मागे उसळते. दर अर्ध्या-पाऊण तासाने विसावा घ्यावा, कारण कंपनाने बोटे बधिर होतात. वाळलेल्या गवतावर तापलेले यंत्र ठेवू नये आणि ते थंड झाल्यावाचून पेट्रोल भरू नये.

साधनही जागेप्रमाणे बदलावे. कोवळ्या गवताला आणि दगडाळ सड्यावर नायलॉनची दोरी. रानमोडी-घाणेरीला तीन दातांचे पाते. जाड खोडक्यांना करवतीसारखे गोल पाते. मात्र झाडाच्या बुंध्याजवळ यंत्र मुळीच नेऊ नये. डिचोलीकडील कुळागरांत पोफळीची रोपे आणि पाण्याच्या नळ्या या यंत्राला बळी पडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. नायलॉनच्या दोरीने रोपाची साल सभोवार सोलली गेली, की रोप काही दिवसांत वाळते. बुंध्याभोवतालचे हातभर वर्तुळ कोयत्याचे आणि विळ्याचे, त्यापलीकडचे यंत्राचे. अशी वाटणी केली, तर दोघांचाही मान राहतो.

विकत घेण्यापूर्वी आणखी एक हिशेब करावा. बाग एक-दोन एकरांची असेल तर वर्षातून आठवडाभराच्या कामासाठी यंत्र घेण्यापेक्षा, यंत्रासह येणारा जाणता माणूस रोजावर लावणे स्वस्त पडते. घ्यायचेच ठरले, तर सुटे भाग आणि दुरुस्ती म्हापसा, डिचोली किंवा साखळीच्या बाजारात मिळते का, हे पाहावे. आणि पैसे भरण्याआधी पेडणे वा डिचोली येथील विभागीय कृषी कार्यालयात अनुदानाची चौकशी करावी.

यंत्र श्रम वाचविते, हे खरे. पण कोणाचे श्रम आणि कोणाच्या जिवावर, हा प्रश्न मालकाने स्वतःला विचारलाच पाहिजे. या दिवाळीत गावी जाल, तेव्हा यंत्राबरोबर चष्मा घ्यायला विसरू नका. आणि तो गड्याच्या डोळ्यांवर चढलेला आपल्या डोळ्यांनी पाहूनच परता.