जुन्या लुगड्याची बाहुली

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या नावातच एक बालक आहे. डॉ. दिनकर केळकर यांचा मुलगा राजा वयाच्या ७व्या वर्षी गेला आणि पित्याने आयुष्यभर जमविलेला संग्रह त्याच्या नावे केला. दिवे, अडकित्ते अशा घरगुती वस्तू तेथे जपलेल्या आहेत. चिंध्यांची बाहुली मात्र कोणत्याही संग्रहापर्यंत क्वचितच पोहोचते. मूल तिला कुशीत घेऊन घेऊन झिजवून टाकते.

या झिजण्याचा अर्थ डोनल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९५१ साली एका निबंधात उलगडला. आई दृष्टीआड झाली की मूल गोधडीचे टोक किंवा एखादी मऊ वस्तू घट्ट धरते. ती वस्तू त्याला आईच्या आणि बाहेरच्या जगाच्या मधला आधार देते. तिला वास येऊ लागला, तरी जाणती आई ती घाईने धूत नाही. धुण्याने मुलाच्या अनुभवात खंड पडतो, असे निरीक्षण विनिकॉट यांनी नोंदविले आहे. बाळंतपणानंतर पुन्हा पेढीवर किंवा कार्यालयात जाऊ लागलेल्या, मुलाला पाळणाघरात सोडणाऱ्या आईला हे विशेष उपयोगी आहे.

म्हणूनच बाहुलीसाठी लक्ष्मी रस्त्यावरून नवा कटपीस आणण्याची गरज नसते. नव्या कापडाला खळ असते, वास दुकानाचा असतो. आजीचे सुती लुगडे किंवा आईची रोजच्या वापरातली साडी अनेक धुण्यांनी मऊ झालेली असते. शिवण्यापूर्वी तो तुकडा चार रात्री आईच्या उशाशी ठेवावा. आत पिंजलेला स्वच्छ कापूस भरावा. रेशीम, लोकर आणि पिसे ज्या घरांत वर्ज्य आहेत, तेथे तर दुसरा विचारच नको. आकार मुलाच्या मुठीत एक हात मावेल इतका असला म्हणजे झाले. रूप फारसे सुबक नसले तरी मुलाची तक्रार नसते, तक्रार मोठ्यांचीच असते!

तक्रार करायची ती सुरक्षिततेबद्दल करावी. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह बंधनकारक झाले, हे खेळण्यांचा व्यापार करणाऱ्यांना ठाऊक आहे. घरी शिवलेल्या बाहुलीवर असे चिन्ह नसते. तिची परीक्षा शिवणाऱ्याच्याच हाती असते. डोळ्यांना गुंडी, मणी किंवा टिकली लावू नये. ती तुटून घशात अडकू शकते. डोळे, तोंड दोऱ्याने भरावेत. लांब नाडी, फीत नको. कापूस भरल्यावर उघडी बाजू नुसत्या धावदोऱ्याने न मिटवता दुहेरी टीप घालावी, आणि प्रत्येक शिवण दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाहावी. एक वर्षाच्या आतील बाळाच्या झोपण्याच्या जागी मात्र कोणतीही मऊ वस्तू ठेवू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्या वयात बाहुली जागेपणी, मोठ्यांच्या नजरेसमोरच द्यावी.

त्याच कापडाची दुसरी बाहुली सुरुवातीलाच शिवून दोन्ही आलटूनपालटून दिल्या, तर एक वाळत असताना किंवा प्रवासात हरवली असता रात्र जागून काढावी लागत नाही. लुगड्याचा उरलेला पदर ठिगळांसाठी ट्रंकेत ठेवावा. हात तुटतो, पोट उसवते, आणि मूल त्याच कापडाचा तुकडा मागते.