वाळवीची राणी मारली, म्हणजे काम संपले काय?

आपल्या बेळगाव-निपाणी भागात लावलेल्या उसाची कांडी उगवत नाही, उकरून पाहावी तर आतून पोकळ! मग आपण कुदळ घेऊन बांधावरचे वारूळ फोडतो, बोटाएवढी राणी शोधून मारतो आणि निश्चिंत होतो. पण राणी मेली म्हणजे वसाहत मेली काय?

पहिल्या पावसानंतर सायंकाळी दिव्याभोवती जमणारी पंखवाली वाळवी म्हणजे वाळवीचे वऱ्हाडच. पंख गाळून नर-मादी जोडीने जमिनीत शिरतात व संसार मांडतात. मधमाशीचा नर मीलन होताच मरतो. वाळवीचा राजा मात्र राणीपाशीच राहतो.

वसाहतीत आईबाप किती, हे शास्त्रज्ञ कामकरी वाळवीची जनुके तपासून ओळखतात. प्रत्येक अपत्याला एका जनुकाचा एक नमुना आईकडून व एक बापाकडून मिळतो. म्हणून एकाच जोडप्याच्या साऱ्या लेकरांत मिळून जास्तीत जास्त चार नमुने निघतात. पाचवा निघाला, तर तिथे आणखी कोणी आई किंवा बाप आहे असे समजावे.

जपानमधील एका जातीत मात्सुउरा व त्यांच्या सहकाऱ्यांना २००९ साली नवल आढळले. जुन्या राणीच्या जागी अनेक राण्या येतात, आणि त्या तिने नराविना घातलेल्या अंड्यांतून जन्मलेल्या असतात. कामकरी व सैनिक मात्र राजा-राणीच्या संयोगातूनच होतात.

आपल्याकडे वारूळ बांधणारी वाळवी निराळी. जपानचा नियम तिला लावू नये. परंतु तिच्या वारुळातही कधी एकाहून अधिक राण्या सापडतात, शिवाय दर पावसाळ्यात नव्या जोड्या येतातच. म्हणून एका राणीवर विसंबू नये. कच्चे शेणखत शेतात घालू नये, पुरते कुजलेलेच घालावे. वाळलेली खोडकी वेचून काढावीत. लागणीनंतर पाण्याची ओढ बसू देऊ नये. वारूळ खणताना सापाची काळजी घ्यावी.

बीएचसी पावडरीवर १९९७ पासून बंदी आहे. माळ्यावर जुनी पिशवी असल्यास ती वापरू नये, मुलांच्या हाती लागू देऊ नये. कृषी खात्याचा सल्ला घ्यावा.

पिकापासून दूरचे वारूळ मात्र उगाच फोडू नये. वाळल्या लाकडाची माती करण्याचे काम निर्माणकर्त्याने या जिवाकडेही सोपवले आहे.