तारता-स्मृती

तारता-स्मृती : नुकत्याच ऐकलेल्या स्वराची तारता, म्हणजे उच्चनीचता, काही सेकंद मनात टिकवून ठेवण्याची क्षमता. अल्पकालीन स्मृतीचाच हा एक प्रकार होय. सुरावटीतील स्वर एकामागून एक कानी पडतात. मागील स्वर स्मृतीत उरलेला असल्यामुळेच पुढील स्वर चढा की उतरता, हे कळते.

ही स्मृती शब्दांच्या स्मृतीहून भिन्न आहे काय, हा प्रश्न ब्रिटिश-अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच यांनी १९७० मध्ये प्रयोगाने तपासला. पाच सेकंदांच्या अंतराने दोन स्वर ऐकवून ते समान की भिन्न, हे श्रोत्यांना विचारण्यात आले. मधला काळ शांत असता निवडक श्रोत्यांना हे सहज ओळखता येई. मध्ये आणखी सहा स्वर ऐकविले असता, त्यांकडे दुर्लक्ष करण्याची सूचना असूनही सु. एक-तृतीयांश उत्तरे चुकली. स्वरांऐवजी अंक उच्चारले असता मात्र चुका अत्यल्प झाल्या. अंक लक्षात ठेवून सांगावयाचे असतानाही त्या फारशा वाढल्या नाहीत. यावरून केवळ अवधान विचलित झाल्याने स्वर विसरला जात नाही, असे दिसून आले.

डॉइच यांनी १९७२ मध्ये मधल्या स्वरांपैकी एकाची तारता क्रमाक्रमाने बदलून पाहिली. तो पहिल्या स्वराशी तंतोतंत जुळल्यास ओळख अधिक अचूक झाली. दोहोंत पूर्ण स्वरांतराच्या सु. दोन-तृतीयांश इतका फरक असता चुका सर्वाधिक झाल्या. म्हणजेच या स्मृतीत स्वर तारतेच्या क्रमाने मांडलेले असून जवळचे स्वर परस्परांना बाधक ठरतात, असे अनुमान निघते. मधले शब्द मूळ स्वराच्या जवळपासच्या तारतेवर उच्चारल्यास तेही अडथळा आणतात, असे सेमाल, देमानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखविले. त्यामुळे ध्वनी वाणीचा की वाद्याचा, यापेक्षा तारतेची जवळीक अधिक महत्त्वाची ठरते.

रॉबर्ट झाटोरे व त्यांच्या सहकाऱ्यांना १९९४ मध्ये अशा कार्यात मेंदूच्या उजव्या ललाटखंडाचा विशेष सहभाग आढळला.

भारतीय संगीतात तंबोरा षड्ज सतत ऐकवीत राहतो. त्यामुळे कितीही स्वर मध्ये आले, तरी आधारस्वर केवळ स्मृतीवर सांभाळण्याचा भार गायकावर पडत नाही.