उतारशाळेचा रक्षक



मागचा अंक आपल्या हाती पडल्यावर थोड्याच दिवसांत आमचे दादा प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. नंदुरबार जिल्ह्यातल्या पाड्यांवर दारू सोडू पाहणाऱ्या पुरुषांच्या पाठीशी ते वीस वर्षे उभे राहिले. एके काळी ते स्वतःही पीत. आपले नाव छापू नये असे त्यांनी बजावले होते, म्हणून ते देत नाही.

“दादा नेमके काय करत?” असे मला बऱ्याच जणांनी विचारले. हे काम आता आपल्यालाच पुढे न्यायचे आहे, म्हणून उत्तर लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट, ते माणसाला आधी दवाखान्यात नेत. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली, तर काही तासांतच हातपाय थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, भान हरपते. त्यात जीवही जाऊ शकतो. पाड्यावर लोक याला बाहेरची बाधा समजतात, आणि आपल्यापैकी काही जण नुसती प्रार्थना करून त्याला खोलीत कोंडतात. दादा म्हणत, “प्रार्थना जीपमध्ये बसून करू. आधी डॉक्टर गाठू.”

दुसरी गोष्ट, त्यांची वही. तिच्यात प्रत्येकाचे धोक्याचे दिवस लिहिलेले असत: बाजाराचा दिवस, होळी, लग्नसराई, आणि ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल हाती पडते तो दिवस. त्या दिवशी दादा सकाळीच त्याच्या दारात हजर. उपदेश नाही. चहा प्यायचा, बैलांची चौकशी करायची आणि त्याच्याबरोबर बाजाराला जायचे. मोहाच्या झाडाला त्यांनी कधी दोष दिला नाही. मोहाची फुले आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत, असे ते सांगत.

तिसरी गोष्ट, सोबत. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूत बुडालेले, एकमेकांना धरून सावरू लागले. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झाले. दारू सोडलेला माणूस दुसऱ्याला सोडवताना स्वतःही सावरतो, हे त्यामागचे सूत्र. दादांच्या ओसरीवरची शनिवारची बैठक त्याच सूत्रावर चाले. “आयुष्यभर पिणार नाही” अशी शपथ तिथे कोणी घेत नसे. फक्त आजचा दिवस.

आता माझी चूक सांगतो. ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा घेऊन मी नुकताच कामाला लागलो होतो. एका तरुणाने दारू सोडून तीनच आठवडे झाले होते. मी त्याला रविवारी मंडळीपुढे उभे करून साक्ष द्यायला लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या बाजारी तो प्यायला, आणि लाजेने उपासनेला यायचा बंद झाला. मी रागावलो होतो. दोन आठवडे त्याच्या घरी फिरकलो नाही. दादा मात्र त्याच रात्री गेले होते.

मला ते रागे भरले नाहीत. लूकच्या दहाव्या अध्यायातला चांगल्या शोमरोन्याचा दाखला त्यांनी काढायला लावला आणि विचारले, “शोमरोनी दोन दिनार देऊन पुढे निघून गेला. मग जखमीची पट्टी कोणी बदलली? रात्री पाणी कोणी दिले?” मी म्हणालो, “उतारशाळेच्या रक्षकाने.” ते म्हणाले, “त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. आपले काम तेच.”

तो तरुण आज कसा आहे? त्यानंतर तो आणखी दोनदा घसरला. सध्या पीत नाही. दादांच्या भाषेत सांगायचे, तर आज पीत नाही. अंत्यविधीच्या दिवशी कबर खणणाऱ्यांत तो होता, आणि त्याच संध्याकाळी ओसरीवर चटई त्यानेच अंथरली. शनिवार होता.

म्हणून आपल्याला विनंती. आपल्या मंडळीत कोणी दारू सोडत असेल, तर त्याला घाईने पुढे उभे करू नका, आणि घसरला तर त्याच्या घरी जायचे थांबू नका. त्याच्या बायकोला शिधा आहे का, हेही विचारा. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन केल्यास मोफत मार्गदर्शन मिळते. तो क्रमांक मंडळीच्या फलकावर लावा.

दादांची वही आता माझ्याकडे आहे. उचल वाटण्याचे दिवस जवळ आले आहेत आणि वहीत नावे बरीच आहेत. मला एकट्याला सगळ्या दारांपर्यंत पोहोचता येणार नाही. आमच्यासाठी प्रार्थना करा, आणि जमेल त्याने एक दार वाटून घ्या.

प्रभूच्या सेवेत,
आपला एक सहकारी