मंदबुद्धि मुलांचें उद्योगशिक्षण

मंदबुद्धि मुलास पाकिटें भरण्यापलीकडे कांहीं शिकवितां येत नाहीं, हा समज आम्हांस खरा वाटत नाहीं. अमेरिकेंत मार्क गोल्ड यांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग पालकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावा. सायकलच्या ब्रेकाचे १५ सुटे भाग जोडणें चांगल्या शहाण्यासही चटकन साधत नाहीं. तें त्यांनीं अशा ६४ तरुणांस शिकवावयास घेतलें. भाग क्रमवार खणांत मांडले. निम्म्या तरुणांच्या भागांवर, जी बाजू समोर यावयाची तिला तांबडा रंग लावला होता. ते अधिक लवकर शिकले. तोंडी व्याख्यान जवळजवळ नाहींच. (आम्हां शिक्षकांना हें जड जाईल!) चुकल्यास ‘दुसऱ्या रीतीनें करून पाहा’ एवढेंच सांगावयाचें. पुढें त्यांना २४ भागांचा ब्रेकही जोडतां आला.