साडेनऊ तासांचं अंतर

मार्च 2020 पर्यंत न्यू जर्सीहून पुण्याला फोन म्हणजे रविवारचा रिवाज होता. घरकोंडीत तो रोजचा झाला. इथे सकाळचे साडेआठ, तिथे संध्याकाळचे सहा. आई भाजी निवडत बसलेली. नवं काही घडतच नव्हतं, म्हणून ती माहेरचं बोलू लागली. ती विहिरीत सूर मारायची, हे मला चाळिशीत कळलं!

4 मे 2021 पासून भारतातून इथे येण्यावर निर्बंध आले. आम्हा एच-वन-बीवाल्यांना जाता येई, पण तिथून थेट परतता येत नसे. बाबांचा दहावा-तेरावा मी मोबाइलवर पाहिला. त्याबद्दल आई आणि मी अजून बोललेलो नाही.

मग 8 नोव्हेंबर 2021 पासून लस घेतलेल्यांना वाट मोकळी झाली. डिसेंबरचं तिकीट काढलं. निघेपर्यंत फोन चुकवायचा नाही, असं आईने बजावलं.